दोरीवर वाळत घातलेल्या सूचना

गच्चीवरच्या दोरीला आमच्या सरांनी कागदाच्या दोनशे चौदा पट्ट्या चिमटे लावून वाळत घातल्या, त्या दिवशी शेजारच्या वहिनींनी कठड्यावरून मला विचारलं, की तुमच्या भाडेकरूनं काही नवस केला आहे का. मी म्हटलं, नाही हो, ऑफिसचं काम आहे त्यांचं. वहिनींचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही धड बसला नव्हता.

सर म्हणजे आमच्या राजापेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत चार वर्षं राहिलेले भाडेकरू. मूळ अकोल्याचे, पन्नाशीचे, एकटे. अंगानं काडी, पण जिना उतरताना आवाज असा की खाली मांडणीतल्या कपबशा वाजायच्या. गळ्यात कायम स्टॉपवॉच, शाळेतल्या पीटीच्या मास्तरांसारखं. अकोल्याच्या उन्हात डोकं चालत नाही म्हणून अमरावतीला राहतो, असं सांगायचे. जसा काही आमच्याकडे बर्फच पडतो. दर सोमवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला ऑफिसात जायचे आणि बाकीचे दिवस गच्चीवर, नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे.

त्यांचं काम काय, हे समजायला मला वर्ष लागलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चांदूर बाजारजवळच्या खेड्यात, अर्धा दिवस वांग्या-टमाट्याच्या वाफ्यात घालवून. पुढचं वाचणं मी पोरांच्या पुस्तकांवरून आणि पुड्यांच्या कागदांवरून शिकले. तेव्हा मला कळलं तसं सांगते. एखादं सॉफ्टवेअर एका माणसानं उघडलं तर चालतं. पण एकाच वेळी पाच हजारांनी उघडलं तर तग धरतं की बसतं, हे आधी पाहून ठेवावं लागतं. आता पाच हजार माणसं आणायची कुठून? मग खोटी माणसं करायची, कॉम्प्युटरातलीच, आणि त्यांना त्या सॉफ्टवेअरवर सोडायचं. ही खोटी माणसं सोडणारा प्रोग्राम आधी शिकलेली पोरं लिहीत. आता तोही कॉम्प्युटरच लिहितो. त्या लिहिणाऱ्याला एजंट म्हणतात. विम्याचा नव्हे, मीही आधी तेच विचारलं होतं. तर या एजंटाला कामाला लावण्याआधी त्याच्या हातात सूचनांचा एक कागद द्यावा लागतो. हे कर, हे करू नको, असं धर, तसं धरू नको. सरांचं काम एवढंच, की तो सूचनांचा कागद काही उपयोगाचा आहे की नुसताच छान दिसतो, हे तपासायचं.

मी म्हटलं, कागद चांगला लिहिला असेल तर वाचून कळतंच की. तर सर म्हणाले, "वाचून काही कळत नाही, काकू. कागद लावून पाहा, कागद काढून पाहा. तीन-तीनदा. फरक पडला तर कागद, नाहीतर रद्दी."

हे काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ऑफिसात आणि घरात काही फरकच राहिला नव्हता. कोणी काही चांगलं आहे म्हटलं, की सर विचारणार, "कशापेक्षा?" भाजी चांगली झाली. कशापेक्षा? यंदा हवा बरी आहे. कशापेक्षा? माझ्या भाचीला पाहायला दर्यापूरचे पाहुणे आले, तेव्हा पोह्यांच्या बशा खाली ठेवून मुलाचे मामा म्हणाले, की पोरगी चांगली आहे. कोपऱ्यातून सर म्हणाले, "कशापेक्षा?" मामांनी खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली. मी दुसऱ्यांदा चहा टाकला, तेव्हा कुठे माणसं बोलायला लागली. लग्न जमलं, सुखात आहेत. पण नवऱ्यानं काही चांगलं म्हटलं की भाची अजून त्याला तेच विचारते.

माझ्या जिन्यात एक पाटी होती. 'पाणी जपून वापरा.' चांगल्या पेंटरकडून करून घेतलेली, खाली नळाचं चित्रसुद्धा. सरांनी आल्या महिन्यातच विचारलं, की ही पाटी लावल्यापासून पाणी किती वाचलं. मला काय ठाऊक? आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, टाकी भरते, टाकी संपते. मग सरांनी एक काठी घेतली, तिच्यावर खुणा केल्या आणि रोज टाकीत बुडवून पाहायला लागले. आठ दिवस पाटी ठेवून, आठ दिवस पाटी काढून. फरक बोटभरही नाही. मला राग आला होता, पाटीचे पैसे माझे होते. मग त्यांनीच नवी पाटी लिहिली: 'आंघोळीला एकच बादली.' आता बघा, पहिल्या आठवड्यात पाणी वाचलं. दुसऱ्या आठवड्यात टाकी दुपारीच रिकामी. वर जाऊन पाहते तर मागच्या खोलीत राहणाऱ्या क्लासच्या पोरींनी बाजारातून एक बादली आणलेली, तिच्यात त्यांचं धाकटं भावंड पोहलं असतं. बादली मात्र एकच.

मी चिडले, पण सर असे खूश झाले की विचारू नका. म्हणाले, "एजंट बी असाच करते, काकू. आमच्या साहेबानं त्याले सांगितलं, उत्तर दोन सेकंदात आलं पायजे. त्यानं काय केलं? सगळं काम सोडलं अन् फक्त पहिलं पान उघडून पाहिलं. ते येते न दोन सेकंदात." त्या पोरींवर ते रागावले नाहीत, उलट एकेकीला पेन दिलं.

आणि पाटोडी. ही गोष्ट आमच्या घरात अजून हळू आवाजात सांगतात. माझ्या हातच्या पाटोडीच्या रश्श्यासाठी माणसं बडनेऱ्याहून येतात, हे मी माझ्या तोंडानं सांगू नये. सरांनी मला कृती लिहून मागितली. मी चांगली अडीच पानं लिहिली. मग त्यांनी माझ्या सुनेला तीन दिवस तो कागद समोर ठेवून करायला लावलं आणि तीन दिवस कागदाशिवाय. वाटीवर आकडा चिकटवायचे, कोणती कशी केली ते खाणाऱ्याला कळू द्यायचे नाहीत. सहा दिवस घरात दुसरं काही शिजलं नाही. माझा मुलगा ऑफिसातून येताना दारातच वास घेऊन परत फिरायचा. सातव्या दिवशी निकाल. सगळ्यांनी चांगल्या म्हटलेल्या तीनही वाट्या कागदाशिवायच्या निघाल्या.

सून मोरीत जाऊन बसली. नुसती भांडी घासत राहिली, पण भांडी घासण्याचा तो आवाज मी ओळखते.

सरांनी माझा कागद समोर धरला. म्हणाले, यात अठ्ठेचाळीस गोष्टी सांगितल्या आहेत. 'मन लावून ढवळावे', 'अंदाजाने घ्यावे', 'आपल्या आईने केले तसे करावे'. हिची आई तर परतवाड्याची, ती वेगळंच करते. या सगळ्यात कामाची गोष्ट एकच आहे: बेसन शिजताना पळी सोडली तर उभी राहिली पाहिजे. ती तुम्ही दुसऱ्या पानाच्या शेवटी लिहिली, तिथपर्यंत पोचेस्तोवर बेसन लागून जातं. मग त्यांनी ती एकच ओळ चिठ्ठीवर लिहून सुनेला दिली आणि सातवी पाटोडी झाली. मी चार दिवस सरांशी बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी वरून हाक मारून सांगितलं, की तुम्ही न बोलल्यानं माझ्यात काही फरक पडला का हे पाहायचं असेल तर आता चार दिवस बोलून पाहावं लागेल. काय करता अशा माणसाचं?

आता ते दोरीवरचं सांगते.

चांदूर बाजारकडे एक संत्र्याचं पॅकिंग केंद्र निघालं होतं. तिथं माल धुतात, निवडतात, पेट्यांत भरून दूर पाठवतात. कोणत्या शेतकऱ्यानं कोणत्या दिवशी माल आणायचा, याची पाळी आधी सॉफ्टवेअरवर घ्यायची होती. एका दिवशी सकाळी दहाला ते उघडणार, आणि पाळ्या संपल्या की बंद. हे सॉफ्टवेअर सरांच्या अकोल्याच्या कंपनीकडे आलं. माझ्या धाकट्या भावाचा तिथंच संत्र्याचा बगीचा आहे. पाळी मिळाली तर त्याचा आंबिया बहाराचा माल केंद्रावर जाणार; नाही मिळाली तर झाडावरचा माल ठोक व्यापाऱ्याच्या हवाली, तो म्हणेल त्या भावात. त्याच्यासारखेच गावातले आणखी चाळीसेक जण. आणि सॉफ्टवेअर उघडायला तयार आहे, असं ठरणार होतं सरांच्या एका सहीवर.

सूचनांचा कागद या वेळी खुद्द साहेबांनी लिहिला होता. साहेब म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी, सर आधी पॉलिटेक्निकात शिकवायचे तेव्हाचा. पुण्याला राहून आलेला, बोलणं एकदम गुळगुळीत. दोनशे चौदा ओळी. त्या कागदावर एजंटानं चाचणी लिहिली, हजारो खोटे शेतकरी सोडले आणि सगळं हिरवं आलं. हिरवं म्हणजे पास. आता सरांनी फक्त सही करायची होती, की कागद तपासला, योग्य आहे.

सरांनी तो कागद छापला, कात्रीनं ओळ-ओळ कापली आणि माझ्या दोरीवर टांगली. एकेक ओळ काढायची, बाकीचा कागद एजंटाला द्यायचा, तीनदा काम करून घ्यायचं. फरक नाही पडला तर ती पट्टी तेलाच्या रिकाम्या डब्यात. एक पट्टी वाऱ्यानं उडून माझ्या मूगवड्यांवर पडली. त्यावर लिहिलं होतं, 'तू जगातला सर्वोत्तम परीक्षक आहेस.' मी ती परत द्यायला गेले तर म्हणाले, राहू द्या, तपासली आहे, त्याला सर्वोत्तम म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, काम तेवढंच करतो.

दोन आठवड्यांत डबा भरला, दोरीवर नऊ पट्ट्या उरल्या; त्या काढल्या की चाचणी थोडी बदलायची, निकाल मात्र हिरवाच. शेवटी त्यांनी अख्खा कागद काढून पाहिला. तरी हिरवं. कागद लावून हिरवं, काढून हिरवं. दुसरा कोणी असता तर सही करून मोकळा झाला असता. सर मात्र जेवणावरून उठेनात.

"ताप नाही निघाला, काकू," म्हणाले. "पण थर्मामीटर तोंडात होतं का खिशात, हे कोणी पाहिलं?"

मग अचानक विचारलं, की तुमचा भाऊ हा अर्ज कसा भरणार, त्याच्याकडे मोबाईल कोणता आहे. मला हसू आलं. मोबाईल कशाला? बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, सगळं गाव तिथंच जातं. आदल्या दिवशी आधार आणि सातबारा त्याच्याकडे ठेवून यायचा, वर दगड ठेवतो तो. सकाळी तो एकापाठोपाठ सगळ्यांचे अर्ज भरतो. पीकविमा असो, शिष्यवृत्ती असो, तोच भरतो.

सर म्हणाले, "सगळ्यायचे? एकाच कॉम्प्युटरवरून?"

मी म्हटलं, "मंग? कॉम्प्युटर त्याच्याकडे एकच हाय."

सरांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली, वर गेले आणि दोरीवर उरलेल्या पट्ट्यांतून एक घेऊन आले. 'प्रत्येक शेतकरी वेगळा, प्रत्येकाचे यंत्र वेगळे, सर्व जण तासाभरात सावकाश येतात असे धरावे.'

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं चांदूर बाजारला. सर त्या दुकानाच्या बाकावर सकाळभर स्टॉपवॉच घेऊन बसले. झेरॉक्सवाला आधी घाबरला, त्याला वाटलं तपासणीला कोणी आलं. मी माहेरचं नाव सांगितल्यावर मोकळा झाला. सरांनी विचारलं, की बटण दाबून पान पुढे गेलं नाही तर काय करता. तो म्हणाला, पुन्हा दाबतो. मग? पुन्हा. किती वेळा?

"मागचा माणूस बोंबलत नाही तोवर, जी," तो म्हणाला.

सरांनी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. परत येताना एसटीत मांडीवर वही ठेवून त्यांनी नवा कागद लिहिला. सहा ओळी. एका कॉम्प्युटरवरून चाळीस शेतकरी येतात. सगळे दहाच्या ठोक्याला येतात. बटण हललं नाही तर माणूस पुन्हा दाबतो, थांबत नाही. मधेच लाईट जाते आणि तो पहिल्यापासून भरतो. शेवटी पाळीचा नंबर हातात आला तरच काम झालं समजायचं. आणि सहावी: चाचणी नापास होत असेल तर चाचणी बदलू नको, नापास म्हणून सांग.

या सहा ओळींवर एजंटानं जी चाचणी लिहिली तिच्यात सॉफ्टवेअर पाच शेतकऱ्यांपर्यंत नीट चाललं. सहाव्याला त्यानं दार लावून घेतलं. एकाच ठिकाणाहून इतके अर्ज येतात म्हणजे कोणी चोर आहे, असं त्याला शिकवून ठेवलेलं होतं. तीनदा केलं, तीनदा लाल.

साहेबांना हे फोनवर कळवलं, तेव्हा फोन मी बसले होते तिथपर्यंत ऐकू येत होता. त्यांचं म्हणणं असं, की माझ्या दोनशे चौदा ओळींवर सॉफ्टवेअर धड चालत होतं आणि सरांच्या सहा ओळींनी ते मोडलं. म्हणजे कागद कोणाचा चांगला, हे उघड आहे. सोमवारी येऊन सही करा, नाहीतर सही करणारा दुसरा पाहावा लागेल.

सरांचा चेहरा उतरला. नोकरी जाईल म्हणून असेल, पण मला वाटतं, हा आपला विद्यार्थी आहे, हे त्यांना जास्त लागलं. मी त्याच संध्याकाळी भावाला फोन केला, की गावातल्या सगळ्यांच्या कागदांच्या झेरॉक्सा पाठव, कोणाला काही विचारू नको.

सोमवारी मी कापडी पिशवीत चाळीस जणांचे आधार-सातबारे घेऊन सरांबरोबर अकोल्याला गेले. ऑफिस थंडगार होतं, काचेचं. साहेबांनी मला काकू म्हणून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरांपुढे कागद सरकवला. सर म्हणाले, की ही पिशवी तुमच्या एका कॉम्प्युटरवरून भरा. चाळीसही गेले तर मी सही करतो आणि राजीनामाही इथंच देतो.

मुळात साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना खात्री होती, म्हणून हसून हो म्हणाले. तिथल्या एका मुलीनं भरायला घेतलं. पहिला गेला, दुसरा गेला. पाचवा माझ्या भावाचा होता, तोही गेला. सहाव्याला पडद्यावर पाटी आली, की आपण फार वेळा प्रयत्न केला आहे, चोवीस तासांनी या.

साहेब म्हणाले, "पुन्हा दाब जरा."

तिनं दाबलं. साहेबांनी स्वतः दाबलं. मग शेजारच्या टेबलावरून पाहिलं, मग आपल्या केबिनमधून, मग मोबाईलवरून. सगळीकडे तीच पाटी. सगळ्या ऑफिसाचं नेट एकच, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी सगळं ऑफिसच एक चोर. बरं, ही बंदी उठवायची तर ती उठवायची खिडकी त्याच सॉफ्टवेअरच्या आत. शेवटी साहेब लॅपटॉप काखेत मारून खाली चहाच्या टपरीवर गेले, टपरीवाल्याच्या मोबाईलचं नेट मागितलं आणि बाकड्यावर बसून आपल्याच ऑफिसाला सोडवलं. आम्ही मागे उभे. टपरीवाल्यानं मधेच विचारलं, की साहेब, अजून किती वेळ, मला घरी फोन लावायचा आहे.

लॅपटॉप मिटवून साहेबांनी टपरीवाल्याचा मोबाईल परत दिला. मग म्हणाले, "सर, माझा कागद खरंच काहीच कामाचा नव्हता?"

सर म्हणाले, "दोनशे पाच ओळी काही करत नव्हत्या. त्याचं काही नाही, बाप्पा. नऊ करत होत्या, अन् थ्या उलटंच काम करत होत्या. पण तू लिहिलं तं होतं. बाकीचे लिहीत बी नाहीत."

साहेबांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, की सहाच ओळी दाखवल्या तर समोरच्यांना वाटेल आम्ही कामच केलं नाही. यावर दोघांत टपरीवर पुष्कळ घासाघीस झाली आणि असं ठरलं, की वर सरांच्या सहा ओळी राहतील आणि खाली त्या दोनशे पाच, त्यांनी काही बिघडत नाही हे तपासलेलंच होतं. सर्वोत्तम परीक्षकही त्यात राहिला. सॉफ्टवेअरला चोर आणि झेरॉक्सवाला यांतला फरक शिकवायला त्यांना चार दिवस लागले. मग सरांनी पुन्हा तीनदा पाहिलं, तीनदा हिरवं आलं आणि त्यांनी सही केली.

पाळीच्या दिवशी आम्ही साडेनऊलाच चांदूर बाजारला त्या दुकानात. भाऊ आलेला, त्याच्या मागे सगळं गाव. कोणी बाकावर, कोणी मोटारसायकलवर. सर भिंतीला टेकून, स्टॉपवॉच मुठीत, ओठ पांढरे. दहा वाजले. झेरॉक्सवाल्यानं दगड उचलला आणि पहिला कागद घेतला.

पाच झाले. सहाव्याला मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो सातव्याचा आधार नंबर वाचत होता. मग सगळं सरळच चाललं. एकदा लाईट गेली, तेव्हा कोणीतरी वीजवाल्यांना चार शब्द ऐकवले. लाईट आली, त्यानं पुन्हा पहिल्यापासून भरलं. भावाचा नंबर लागला तेव्हा तो कागद घडी करून खिशात घालत मला म्हणाला, "ताई, एवढ्याशा कामाले तू अमरावतीहून कायले आली?" सव्वाअकराला चाळिसावा कागद बाहेर आला. झेरॉक्सवाल्यानं बोटं मोडली आणि म्हणाला, "आज नेट चांगलं हाय."

माणसं पांगली. कोणाला काही आश्चर्य वाटलं नव्हतं. अर्ज भरायला आले होते, भरून गेले. दुकानात कोणी लग्नपत्रिकेच्या झेरॉक्स काढायला आलं. सर मात्र भिंतीपाशी तसेच उभे, त्या रिकाम्या बाकाकडे पाहत. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलणार, निदान कोणाला तरी सांगणार की बाबांनो, हे असंच झालं नाही.

झेरॉक्सवाल्यानं मान वर केली. "सर, तुमचं काही काढायचं हाय का?"

"नाही जी, काही नाही."

"मंग जरा बाजूले व्हा न. गिऱ्हाईक खोळंबून राहिलं."

आणि सर बाजूला झाले. इतक्या आनंदानं बाजूला झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.